दोन रेघा, एकच रंग

तुमच्या डॉक्टरकडे तुमच्या नावाचा जो कागद आहे, तो तुम्ही शेवटचा कधी वाचलात? थापा नकोत. वाचलेला नाही. तुम्ही दवाखान्यात गेलात, नाव सांगितलंत, कुणीतरी कागद काढला, डॉक्टरांनी त्यावर काहीतरी खरडलं आणि कागद पुन्हा आत गेला. त्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. पण ठाऊक असलेलं कुणीतरी माणूस तिथे बसलंय, एवढ्या भरवशावर तुम्ही बाही वर करून दंड पुढे करता.

काचवाल्यांनीही तेच केलं. आणि त्यांच्या दवाखान्यात ते ठाऊक असलेलं माणूस खरोखरच होतं. ही तिची गोष्ट.

तिला सगळे कागदताई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतंच, पण ते आता एका थोरल्या बहिणीशिवाय कुणाच्या तोंडात उरलं नव्हतं. दवाखाना रंगाच्या डब्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. सतरा पायऱ्या. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, आत मोठ्या डॉक्टरांचं टेबल आणि मधल्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी मांडणी. मांडणीत नऊ हजारांवर केसपेपर. कागदताई एकविसाव्या वर्षी तिथे आली ती फरशी पुसायला. शिक्षण सातवी. औषधांची नावं ती रिकाम्या खोक्यांवरून शिकली, कचऱ्याच्या डब्यापाशी उकिडवी बसून, एकेक अक्षर जुळवत. तीन वर्षांत फरशी दुसऱ्या बाईकडे गेली आणि मांडणी हिच्याकडे आली. पुढची अठ्ठावीस वर्षं तिने ती कुणाला हात लावू दिली नाही. पायऱ्यांवरचा खोकला ऐकून ती कागद काढायची. माणूस वर पोचून धापा टाकतोय, तोवर त्याचा कागद डॉक्टरांपुढे.

“अगं, नाव तरी विचारत जा,” मोठे डॉक्टर हसून म्हणायचे.

“नाव काय, लग्न झालं की बदलतं,” ती म्हणायची. “खोकला नाही बदलत.”

मोठ्या डॉक्टरांच्या हाताला गुण होता, पण लिहायचा त्यांना भारी कंटाळा. अक्षर असं, की आज लिहिलेलं उद्या त्यांचं त्यांनाच लागत नसे. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. एखादं औषध माणसाला चांगलं मानवलं, की ते मान वर न करता म्हणायचे, “निळी.” कागदताई स्टीलची पट्टी ठेवून त्या औषधाच्या नावाखाली निळी रेघ ओढायची. औषध मानवलं नाही, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला, की म्हणायचे, “लाल.” मग लाल रेघ. संपलं. निळी म्हणजे बेलाशक द्या, लाल म्हणजे या जन्मात देऊ नका. ‘मानवत नाही’ हे दोन शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? पण त्या टेबलावर तेवढा वेळ तीस वर्षांत कुणाला झाला नाही.

कागदताईच्या रेघा मात्र बघत राहाव्यात अशा. अक्षराला चिकटायच्या नाहीत, खालच्या ओळीत शिरायच्या नाहीत, नाव संपलं की रेघ संपली. निळी असो की लाल, पट्टी तीच, हात तोच, दाब तोच. “छापल्यासारखी ओढतेस गं,” असं कुणी म्हटलं की ती वरवर “चला, काहीतरीच” म्हणायची, आणि मनातून फुलायची.

काचवाल्यांच्या कागदावर तिने लाल रेघ ओढली त्याला बावीस वर्षं झाली होती. काचवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या गाळ्यात खिडक्यांच्या काचा कापणारे, तसबिरींना चौकटी करणारे. दहा बोटांतलं एक तरी कायम पट्टीत. तेव्हा अंगठा पिकला म्हणून त्यांना सुई दिली आणि ते दोन मिनिटांत बाकावरून खाली आले. चेहरा सुजून डोळे दिसेनासे झाले, छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी धावपळ करून त्यांना परत आणलं. तो अर्धा तास कागदताई फरशीवर बसून होती, मांडीवर त्यांचं डोकं घेऊन. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला शब्द, “ताई, कुठली काच फुटली?”

“तुमचीच फुटत होती,” ती म्हणाली, आणि मग पदरात तोंड घालून रडली.

तेव्हापासून ते आले की म्हणायचे, “राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा माझा तुझ्या मांडणीत आहे बघ.” ती म्हणायची, “त्या सुईचं नाव पाठ करा हो काका, मी लिहून देते.” “मी काय परीक्षेला बसणार आहे?” ते म्हणायचे. “तू आहेस ना.”

या गोष्टीत पाणी नसतं तर बाकीचं काही घडलं नसतं. वरच्या मजल्यावरची टाकी फुटली, पाणी भिंतीतून उतरलं आणि मांडणीचे खालचे तीन कप्पे भिजले. चारशे कागदांचा लगदा झाला. कागदताईने उरलेले दोरीवर वाळत घातले, इस्त्री केले, पण जे गेले ते गेले. मोठ्या डॉक्टरांची मुलगी नुकतीच डॉक्टर होऊन वडिलांच्या हाताखाली बसायला लागली होती. तिला सगळे धाकट्या बाई म्हणत. ती म्हणाली, “बाबा, आज टाकी फुटली, उद्या खालच्या रंगाच्या दुकानाला आग लागेल. बॅकअप नको का?”

कॉम्प्युटरवाला आला. तिशीचा, बोलायला गोड, कामाला चोख. त्याला शिव्या द्यायची सोय नाही, एवढा तो बरा माणूस होता. त्याने टेबलाभोवती सगळ्यांना बसवलं. कागदताईलाही खुर्ची ओढून दिली. त्या खोलीत ती खुर्चीवर पहिल्यांदा बसली.

“सगळे कागद आधी स्कॅन करायचे,” तो म्हणाला. “मग ठेवायचे कुठे ते ठरवू. एक, इथल्याच कॉम्प्युटरवर.”

“इथे पाणी येतं,” कागदताई म्हणाली.

“बरोबर. म्हणून दुसरी प्रत या डबीत.” त्याने साबणाच्या वडीएवढी डिस्क टेबलावर ठेवली. “रोज संध्याकाळी भरायची आणि घरी न्यायची.”

“बसमध्ये विसरली तर? लोकांच्या घरातली दुखणी आहेत यात. कुणाला काय झालंय ते गावभर.”

“तिला कुलूप आहे, आकड्यांचं. ज्याला सापडेल त्याला नुसती डबी. आणि तिसरी प्रत क्लाउडवर.”

“आणि ते क्लाउड की काय, ते कुठे असतं?”

“दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर. लांब.”

“म्हणजे शेजारणीकडे ठेवायला दिलेला डबा.”

“अगदी तसंच.”

“आणि शेजारीण मेली तर?”

तो हसला. “म्हणून तर तीन ठिकाणी, ताई. इथे, डबीत आणि शेजारणीकडे. तिन्ही एकदम बुडत नाहीत.”

धाकट्या बाईंनी मान डोलावली. मोठे डॉक्टर घड्याळ बघत होते. ते म्हणाले, “आमच्या कागदताईला विचारा. कागद तिचे. ती म्हणेल तसं.”

तीस वर्षांत त्या खोलीत तिला ‘काढ’, ‘ठेव’, ‘ओढ’ एवढंच सांगितलं गेलं होतं. ‘तू म्हणशील तसं’ हे पहिल्यांदा. तिचे कान गरम झाले. ती म्हणाली, “तिन्ही ठिकाणी ठेवा.” कॉम्प्युटरवाल्याने लिहून घेतलं. मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला.

“स्कॅन रंगीत करायचं की काळं-पांढरं?”

“फरक काय?”

“रंगीत फार जागा खातं. वेळही जास्त. कागदांवर फोटो वगैरे आहेत का?”

तिने डोळ्यांपुढे मांडणी आणली. फोटो एकही नव्हता. “नाहीत,” ती म्हणाली. “सगळी अक्षरं आहेत.”

“मग काळं-पांढरं पुरेल?”

खुर्चीवर बसलेल्या बाईला गप्प राहणं शोभणार नाही, आपल्याला कळत नाही असं यांना वाटेल, या धास्तीने ती पटकन म्हणाली, “पुरेल की. काळं-पांढरंच करा.”

तुम्ही म्हणाल, एवढी हुशार बाई, तिला लाल रेघ आठवली नाही? नाही आठवली. तीस वर्षं जी खूण तुम्ही वाचता, ती तुम्हाला रंग म्हणून दिसत नाही. ती ‘नको’ असा शब्द होऊन बसते. आणि शब्द सगळे येणारच होते ना स्कॅनमध्ये. मोठे डॉक्टर शेजारीच बसले होते, ज्यांनी ती पद्धत पाडली. त्यांनाही आठवली नाही. ते घड्याळ बघत होते.

स्कॅनिंगला अकरा महिने लागले. कागदताईने एकटीने केलं. कागद काचेवर ठेवायचा, झाकण लावायचं, प्रकाशाची पट्टी सरकली की कागद उचलायचा. पडद्याकडे ती फारसं बघत नसे, आणि बघितलं तरी तिथली काळी रेघ तिला लालच दिसायची. स्वतःचं अक्षर कुणी वाचत बसत नाही. काम संपल्यावर कॉम्प्युटरवाल्याने सगळ्यांसमोर तपासणी केली. डबीतून दहा कागद काढले, शेजारणीकडून दहा मागवले. “वाचता येतंय?” धाकट्या बाई म्हणाल्या, “बाबांचं अक्षर कुठल्याच यंत्राला सुधारणार नाही, पण हो, येतंय.” सगळे हसले. कागदताई पण हसली.

मांडणीच्या जागी धाकट्या बाईंना तपासायची वेगळी खोली हवी होती. म्हणून कागद फाडायचं यंत्र आलं. नऊ दिवस कागदताई त्यात कागद सोडत होती. खाली पट्ट्यांचा ढीग साचत होता, त्यात मधूनमधून लाल दिसत होतं. तिला वाटत होतं, आपण सासरी पाठवलेल्या लेकीचे जुने कपडे टाकून देतोय. लेक सुखात आहे, तीन घरांत आहे, मग वाईट कशाला वाटून घ्यायचं.

पुढे दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. का चाललं ते ऐका. कागदताई आता धाकट्या बाईंच्या दाराशी कॉम्प्युटरपुढे बसायची. माणूस आत गेला, की ती बसल्या जागेवरून ओरडायची, “बाई, यांना सल्फा नको.” “बाई, हिला ती पांढरी गोळी चालत नाही.” बाई “बरं” म्हणायच्या. कागदात तसं कुठे लिहिलंय हे त्यांनी कधी बघितलं नाही, कारण ताई सांगतेच. रेघा त्यांनी बघितल्या होत्या. एकदा वडिलांना विचारलंही होतं, “या रेघा कसल्या?” मोठे डॉक्टर म्हणाले होते, “ज्याच्याखाली रेघ ते औषध त्या माणसाला मानवलेलं. डोळे मिटून दे.” आणि लाल? लाल काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार. लाल शेंबड्या पोरालाही कळतं.

बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. कागदताईने चार दिवसांची सुट्टी घेतली. बहिणीचं गाव बसने पाच तासांवर. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बहिणीला भिंतीला धरून चालवत असताना धाकट्या बाईंचा फोन आला.

“ताई, काचवाले गेले.”

“कुठे गेले?” तिने विचारलं. बहिणीचा हात तिच्या खांद्यावर होता. “काच बसवायला?”

तिकडून रडण्याचा आवाज आला, आणि मग तिला कळलं.

ती आली तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. धाकट्या बाई आत एकट्याच बसल्या होत्या. मागच्या जिन्याने ती वर गेली. बाईंनी एका दमात सांगितलं, जणू पाठ केलं होतं. तळहात कापलेला, पू झालेला, ताप. काचवाल्यांची बायको, काकू, सोबत होत्या. बाईंनी विचारलं, “कुठलं औषध तुम्हाला मानवत नाही असं आहे का?” काचवाले म्हणाले, “मला काय विचारता? बावीस वर्षांचं सगळं ताईने लिहून ठेवलंय. कागद काढा.” बाईंनी काढला.

“रेघ होती, ताई. त्याच इंजेक्शनच्या नावाखाली, पट्टीने ओढलेली. मी एरवी थेंबभर टोचून बघते, चाचणी म्हणून. रेघ दिसली म्हणून तेही केलं नाही. म्हटलं, यांना हे मानवतंच आहे. सगळं केलं मी नंतर. उलटं औषध दिलं, छाती दाबली, गाडी आली. गाडीत चढवेपर्यंत होते.”

“कागद लावा बघू,” कागदताई म्हणाली.

पडद्यावर कागद आला. तिचीच रेघ. अक्षराला न चिकटलेली, सरळ, नाव संपताच संपलेली. त्याच्यावर चार ओळी सोडून आणखी एक रेघ होती, खोकल्याच्या औषधाखाली, निळी. म्हणजे निळी असलेली. दोन्ही काळ्या. जुळ्या बहिणींसारख्या. ती पडद्याच्या इतक्या जवळ गेली की तिच्या श्वासाचं धुकं काचेवर आलं.

“ही लाल होती,” ती म्हणाली.

मग तिने दुसरा कागद लावायला सांगितला. मग तिसरा. मग डबी काढायला सांगितली, मग शेजारणीकडून मागवायला. तिन्ही ठिकाणी सगळं शाबूत होतं. तिन्ही ठिकाणी काळं होतं. पाणी, आग, चोर, कशानेही पुसली जाणार नाही अशी तिने ती चूक सांभाळून ठेवली होती.

मोठे डॉक्टर संध्याकाळी आले. दोन दिवसांत म्हातारे दिसायला लागले होते. ते म्हणाले, “दाखल्यावर हृदय बंद पडलं असं आहे. एकसष्ट वर्षांचा माणूस, हातात विष भिनलेलं. तेही खोटं नाही. हे आपल्या तिघांत राहू दे.”

“बाकीचे?” कागदताई म्हणाली.

“कोण बाकीचे?”

“लाल रेघेचे. तीनशेच्या आसपास असतील. ते येतील ना सुई घ्यायला. इथे नाहीतर दुसरीकडे. हाच कागद छापून घेऊन जातात लोक.”

“आपण लक्ष ठेवू.”

“कशावर ठेवणार, डॉक्टर? सगळ्या रेघा सारख्या दिसतात.”

वाकड्यातिकड्या ओढल्या असत्या तर निदान हाताच्या घाईवरून तरी ओळखता आल्या असत्या. हे ती बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने हातात पट्टी धरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यावरच्या गाळ्यात गेली. काचा भिंतीला तशाच उभ्या टेकलेल्या होत्या. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोची चौकट अर्धी लावून राहिलेली. काकू स्टुलावर बसल्या होत्या.

“ये,” काकू म्हणाल्या. “तू कशी आली नाहीस अजून, म्हणतच होते.”

कागदताई उभीच राहिली. तिने सांगितलं. सुईचं नाव, बावीस वर्षांपूर्वीचा दिवस, लाल, काळं-पांढरं, खुर्ची. काही गाळलं नाही. खुर्चीसुद्धा नाही. काकू मधे एकदाच बोलल्या, “तुला कुणी विचारलं होतं का, रंग ठेवायचा की नाही?” ती म्हणाली, “विचारलं होतं. मीच नको म्हटलं.”

काकू बराच वेळ काचेच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी तिथेच होते गं. ती बाई सुई भरत होती आणि माझ्या मनात आलं, मागे एकदा यांना काहीतरी झालं होतं. म्हटलं, आपण काय बोलायचं, शिकलेल्या बाई आहेत, कागद समोर आहे. सगळे म्हणाले हृदय बंद पडलं. मीही म्हटलं, पडलं असेल, वय झालं. कालपासून जरा घास घशाखाली उतरायला लागला होता. तेवढंही काढून घेतलंस.”

कागदताईला रडू फुटलं. काकूंनी तिला जवळ घेतलं नाही.

“किती म्हणालीस असे?”

“तीनशे असतील.”

“मग माझ्यापुढे काय रडतेस? जा ना त्यांच्याकडे.”

काकूंना सांगितल्याचं दुपारपर्यंत मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेलं. त्यांनी तिला बोलावून घेतलं. ते ओरडले नाहीत, हलक्या आवाजात बोलले, जसे मोठी माणसं गरीब माणसाला खड्ड्यात ढकलताना बोलतात. “उद्यापासून येऊ नकोस. काळं-पांढरं कुणी सांगितलं? मी सांगितलं? मी तर नुसता बसलो होतो.”

“हो,” कागदताई म्हणाली. “तुम्ही नुसते बसला होतात.”

तेहतीस वर्षांत ती त्यांना उलटून बोलली ती एवढंच. आणि खरं सांगायचं तर तेही तिने रागाने म्हटलं नव्हतं. चूक आपलीच आहे हे तिच्या मनाने केव्हाच घेतलं होतं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, की नऊ हजार माणसांचे जीव दोन शायांच्या फरकावर टांगून ठेवले कुणी? लिहायचा कंटाळा कुणाला होता? सातवी शिकलेल्या बाईला एका मिनिटात निवडायला लावलं आणि घड्याळ कोण बघत होतं? ती हे विचारत नाही. कुणी तिच्यासमोर विचारलं तर ती म्हणते, “जाऊ द्या हो. नाही म्हणायचं तोंड मला होतं ना.”

चार दिवसांनी धाकट्या बाई तिच्या खोलीवर आल्या. हातात कागदांचा गठ्ठा. वडिलांशी त्यांचं बोलणं बंद झालं होतं, आणि आपल्या हातून काय घडलं ते त्यांनी वरच्या कचेरीत स्वतः लिहून दिलं होतं. त्याचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही. त्या म्हणाल्या, “ताई, रेघ असलेला प्रत्येक कागद मी काढला. सव्वीसशे अकरा माणसं आहेत. नावं, पत्ते, रेघ असलेली औषधं. यातली लाल कुठली ते मला दिसत नाही. तुला आठवतील?”

“बसा,” कागदताई म्हणाली, आणि डोळे मिटले.

खोकले आठवले. पायऱ्यांवरची पावलं आठवली. कुणाचे ओठ सुजले होते, कोण घाबरून बाकाखाली शिरलं होतं, कोणत्या लहान पोरीच्या गालांवर नकाशासारखे चट्टे उठले होते. पाच दिवस दोघी समोरासमोर बसल्या. एकशे सत्त्याऐंशी माणसं आठवली. धाकट्या बाईंनी प्रत्येकाच्या नावापुढे धड अक्षरांत लिहिलं, ‘हे औषध मानवत नाही’. एकशे सत्त्याऐंशीनंतर चेहरे एकमेकांत मिसळायला लागले. एका बाईचं नाव तिने दोनदा सांगितलं, दोन वेगळ्या औषधांसाठी. तिथे तिने हात जोडले. “आता मी खोटं आठवायला लागले, बाई. थांबू या.”

उरलेली शंभरावर माणसं कोण, हे जगात आता कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून ती दारोदार हिंडते. सव्वीसशे अकरा दारं. धाकट्या बाई फोन करतात, पण निम्मे नंबर बदललेले, निम्मे लोक अनोळखी आवाज ऐकला की ठेवून देतात. मग पायीच जावं लागतं. लोक काय म्हणतात? “काही विकायला आलात का?” “कुठल्या कंपनीचा सर्व्हे?” एकाने दारातच हसून सांगितलं, “मला मानवत नाही ना? बायकोचं बोलणं. लिहा.” आतून बायको म्हणाली, “आणि मला यांचं घोरणं. तेही लिहा.” ती दोघांची पुरती थट्टा होईपर्यंत उभी राहिली आणि मग पुन्हा विचारलं, “पण औषध? कधी सुईनंतर अंगावर काही उठलं होतं?” तेव्हा ती बाई दारात आली आणि म्हणाली, “यांना एकदा उठलं होतं.” असं एक माणूस मिळालं की कागदताई तो दिवसभर कुणाशी बोलत नाही. आनंद झाला तर आपल्याला तो शोभणार नाही, असं तिला वाटतं.

एका दारात सून म्हणाली, “सासरे मागच्या वर्षीच गेले.” “कशाने?” कागदताईने विचारलं. “ट्रकने उडवलं,” सून म्हणाली. आणि कागदताईच्या तोंडून “बरं झालं” असं निघून गेलं. सुनेने तिला हाकलून दिलं. योग्य केलं. जिना उतरून ती खाली कठड्यावर कितीतरी वेळ बसून राहिली. कुणाचा बाप ट्रकखाली गेल्याचं आपल्याला बरं वाटावं, एवढी वेळ आली.

तिचं वय चौपन्न. गुडघे बोलतात. आतापर्यंत नऊशे चाळीस दारं झाली. आठवणीबाहेरची तेवीस माणसं सापडली. उरलेली कुणी गाव सोडून गेलेली, कुणी दुसऱ्या डॉक्टरकडे जाणारी, आणि त्यांच्यातल्या काहींच्या हातात तोच काळ्या रेघेचा छापील कागद असेल, घडी घालून जपलेला.

त्यातले एक तुम्ही असाल. किंवा तुमच्या शेजारचे. तेव्हा एवढं करा. आज घरातल्या थोरल्या माणसांना विचारून घ्या, लहानपणी मला कुठलं औषध बाधलं होतं का, आईला, भावाला बाधलं होतं का. आणि बारीक चणीची, हातात गठ्ठा घेतलेली बाई तुमच्या दारात आली, तर दार लावू नका. ती नीट बोलणार नाही, दम लागलेला असेल, कुठून सुरुवात करावी हे तिला अजून जमत नाही. तिला बसवा. आणि आठवत असेल ते सगळं तिला सांगा.